दाब नसलेले इंजिन

मित्रांनो, माझ्या पोटाला खिडकी आहे. तिच्यातून आत बघितले तर एक तांबडा दट्ट्या दिसतो आणि त्याच्या डोक्यावर हवा आत येण्याची निळी व धूर बाहेर जाण्याची काळी अशा दोन वाटा दिसतात. बाजूचे हँडल फिरवले की जड चाक फिरते आणि दट्ट्या खाली-वर होतो. एवढेच मला येते. मी धूर सोडत नाही, आवाज करत नाही, पाणी उपसत नाही. मी एक मुद्दाम कापलेले, जुने डिझेल इंजिन आहे. शिरूर कासारजवळच्या एका गावात सहकारी पाणीपुरवठा संस्थेचे गोदाम आहे, तिथे माझा मुक्काम असतो.

एके काळी मीही खराखुरा होतो. एका गिरणीत मी ज्वारी दळली. एकदा मी फार तापलो असताना गिरणीवाल्याने घाईघाईने माझ्यात गार पाणी ओतले, आणि माझ्या अंगाला चीर गेली. मग बीडमध्ये राधाकिशन मिस्त्रींच्या दुकानासमोर भंगारात पडून राहिलो. तिथून मला भगवानराव गुरुजींनी उचलले. गुरुजी विज्ञानाचे पदवीधर होते. विहिरींवरची इंजिने चालवणारी माणसे तयार करण्यासाठी संस्थेने त्यांना नुकतेच नेमले होते.

"अर्धं कापा. आतलं सगळं दिसलं पाहिजे," गुरुजी म्हणाले.

"चालतं इंजिन कुणी बघत न्हाई, गुरुजी. कापलेलं कोण बघंल?" असे म्हणत मिस्त्रींनी करवत हातात घेतली. त्यांनी माझी बाजू कापली, कडा घासल्या, रंग दिला. माझ्या डोक्यावर एक छोटा दांडा होता, तो मात्र काढून ठेवला. "पोट फाडल्यावर याला काय काम?" ते म्हणाले. त्यांचे बरोबरच होते.

ते बहात्तर साल होते. सिंदफणेच्या पात्रात वाळू तेवढी उरली होती. गावातल्या विहिरी आटल्या होत्या आणि सगळ्या गावाची भिस्त पात्रातल्या एका विहिरीवर होती. तिच्यावर संस्थेचे इंजिन बसवलेले होते. तेही त्या वेळी बंदच होते, कारण ते चालवणारा माणूस औरंगाबादला कामाला निघून गेला होता. बायका पात्रात उतरून पोहऱ्याने पाणी शेंदायच्या आणि चढ चढून गावात न्यायच्या.

गोदामात गुरुजींचा वर्ग भरे. दिवसभर खडी फोडून आलेली माणसे माझ्याभोवती उकिडवी बसत. गुरुजी माझे हँडल फिरवत आणि सगळे एका सुरात म्हणत, "ओढ, दाब, पेट, सोड." दट्ट्या खाली जाताना हवा आत ओढतो, वर येताना ती दाबतो, तेल पेटले की पुन्हा खाली ढकलला जातो आणि वर येताना धूर बाहेर सोडतो. हवा दाबली की तापते हे पटवायला गुरुजींनी सायकलचा पंप आणला होता. पंप मारून झाला की प्रत्येकाने त्याच्या बुडाला बोट लावायचे. चटका बसला की माणसे हसत.

गुरुजींचा एकच आग्रह असे. "हळू फिरवा. घाई करणाऱ्याला काही दिसत नाही."

सर्वांत हळू फिरवायचा सुग्रीव. तो ऊसतोडीला जाणारा माणूस, पण त्याचे हात संथ आणि नजर स्थिर. कोणत्या वाटेवरचा व्हॉल्व्ह कधी उघडतो हे तो डोळे मिटून सांगे. त्याला ही नोकरी हवी होती, आणि का हवी होती हे सगळ्या वर्गाला माहीत होते. त्याची बायको विमलबाई पोटुशी होती आणि बाळंतपण नेमके ऊसतोडीच्या हंगामात येणार होते. मागच्या हंगामात त्यांचे पहिले मूल कारखान्याच्या वाटेवर, उसाच्या फडाशेजारच्या पाचटाच्या कोपीत जन्मले आणि तिथेच गेले. यंदा दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक पुन्हा येणार होता. नोकरी मिळाली तर सुग्रीव गावात राहील आणि विमलबाईही राहील. नाही मिळाली तर दोघे ट्रकमध्ये चढतील.

परीक्षेच्या दिवशी मला बैलगाडीत घालून नदीवर नेले. संस्थेचे चेअरमन सुंदरराव आणि पंच घोंगडीवर बसले. निम्मा गाव हंडे घेऊन उभा होता. आधी सुग्रीवाने माझ्यावर सगळे समजावून सांगितले. कुठे अडखळला नाही. सुंदरराव मान डोलावत म्हणाले, "पोरगं लई हुशार हाय. आता आमाला पाणी दाव."

सुग्रीव खऱ्या इंजिनाकडे गेला. हँडल लावले आणि माझे फिरवायचा तसेच फिरवू लागला, हळू, तोंडाने पुटपुटत. ओढ. दाब. तिथे हँडल अडले. त्याने जोर लावला, हँडल उलटे आले आणि त्याच्या मनगटावर बसले. त्याने पुन्हा लावले, पुन्हा हळू. पुन्हा तेच झाले.

"कावून रं सुग्रीवा, येडं हाय का हे इंजिन? शिकलेलं न्हाई दिसत," कुणीतरी म्हणाले. हंडेवाल्या बायका हसल्या. विमलबाई हसली नाही.

सुंदररावांनी चष्मा काढला. "गुरुजी, तुमच्या वर्गात बैल बसवला असता तर निदान मोट तरी ओढली असती."

गुरुजी एकदा माझ्याकडे आणि एकदा त्या इंजिनाकडे बघत राहिले. त्यांनी स्वतःही कधी खरे इंजिन सुरू केलेले नव्हते. मग त्यांची नजर त्या इंजिनाच्या डोक्यावरच्या छोट्या दांड्यावर थांबली. तसा दांडा माझ्या डोक्यावर नव्हता.

"चूक सुग्रीवाची नाही," ते सावकाश म्हणाले. "याचं पोट फाडलेलं आहे. दट्ट्या वर आला की हवा खिडकीतून निघून जाते. याच्यात दाब नाहीच. आपण नुसता 'दाब' म्हणत होतो."

मित्रांनो, ते खरे होते. आम्ही सगळ्यांनी मिळून एक शब्द पाठ केला होता आणि त्या शब्दाच्या जागी माझ्यात मोकळी हवा होती.

गुरुजींनी दांडा वर केला. दांडा वर असला की व्हॉल्व्ह थोडा उघडा राहतो, हवा कोंडत नाही आणि हँडल सहज फिरते. चाकाने चांगला वेग घेतला की दांडा खाली पाडायचा. त्या वेगाच्या जोरावर दट्ट्या हवा दाबून टाकतो. "आता हळू नको. जितकं जमेल तितकं जोरात," गुरुजी म्हणाले.

पण अर्धपोटी माणसाला ते जड चाक फिरवायला दोन्ही हात लागत होते. दांडा पाडायला पंचांपैकी एक जण पुढे झाला. त्याने घाईने पाडला. चाक घरघरून थांबले. दुसऱ्यांदा त्याने उशीर केला. तोवर सुग्रीवाचा दम सरला होता.

"बाजूला व्हा, मामा," विमलबाई म्हणाली. ती पोट सावरत पुढे आली. "मी पाडते."

"तुला काय कळतंय गं त्यातलं?"

"इंजनातलं कळत न्हाई. यांच्या हाताचा येग कळतो. हे ऊस तोडत्यात, मी मागं मोळ्या बांधते. कवा दम भरत्यात आन् कवा सोडत्यात, मला बघावं लागत न्हाई."

सुग्रीवाने पुन्हा हँडल धरले. चाक फिरू लागले, मग पळू लागले. विमलबाई चाकाकडे बघत नव्हती. ती सुग्रीवाच्या खांद्यांकडे बघत होती. खांदे खाली गेले तशी तिने दांडा पाडला. इंजिन एकदा ठसकले, दुसऱ्यांदा ठसकले आणि धडधडू लागले. काळा धूर निघाला. नळातून आधी हवा फुसफुसली, मग गढूळ पाणी आले, मग नितळ. बायकांनी हंडे खाली टेकवले.

मग सुंदरराव म्हणाले, "पण नेमायचं कुणाला? हँडल याचं, दांडा तिचा. संस्थेत जागा तर एकच हाय."

"मुकादम आमाला दोघांना मिळून एकच कोयता मोजतो," विमलबाई म्हणाली. "तुमी बी तसंच मोजा. चालक एकच धरा."

"आन् तू बाळंत झालीस की दांडा कोण पाडंल?"

"तवर मी एका हातानं शिकतो," सुग्रीव म्हणाला. "आता अडतं कुठं, ते कळलंय."

सुंदररावांनी पंचांकडे बघितले. पंच पाण्याकडे बघत होते. दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक आला आणि त्या दोघांना न घेताच गेला. पुढच्या महिन्यात विमलबाईला मुलगी झाली. ती गावात झाली आणि जगली.

पुढच्या वर्गात गुरुजी पहिल्या दिवशीच सांगू लागले, "याच्यात दाब नाही, लक्षात ठेवा." शिकणारे मान हलवत आणि पुन्हा हळूहळू फिरवत. नुसत्या सांगण्याने ते कुणाच्या हातात उतरत नव्हते. एकदा विमलबाई तेलाचा डबा न्यायला आली होती. पोरगी पाठीशी बांधलेली होती. तिने ते बघितले, डबा खाली ठेवला आणि 'दाब' ऐकताच माझे चाक दोन्ही हातांनी घट्ट धरले.

"फिरव आता," ती समोरच्याला म्हणाली.

"फिरंना की, वहिनी."

"लाव जोर. सासरवाडीला आलाय व्हय?"

त्याने दात-ओठ खाऊन हँडल ओढले. 'दाब' संपला तशी तिने चाक सोडले आणि तो जवळजवळ पालथा पडला. सगळे हसले, पण तो हसला नाही. तो आपल्या तळहातांकडे बघत होता. त्या दिवसापासून गुरुजींच्या वर्गात 'दाब' म्हणताना कुणीतरी माझे चाक धरत असे. किती तरी गावांची इंजिने चालवणारी माणसे माझ्यावर अशी शिकून गेली. जिल्ह्याच्या प्रदर्शनात माझ्या गळ्यात हारही पडला होता.

मग नदीवर वीज आली, मोटारी आल्या. बटण दाबायला वर्ग लागत नाही. गुरुजी निवृत्त झाले. माझ्यावर खताची पोती रचली गेली, निळा रंग पोपडे होऊन गळाला, आणि दट्ट्या गंजून एका जागी बसला. अलीकडे शाळेच्या एका मास्तरांनी मला बाहेर काढले, रॉकेलने धुतले आणि मोकळे केले. आता कधीमधी मुले येतात. हँडल फिरवतात आणि म्हणतात, "किती सोपं आहे."

मित्रांनो, माझ्यासाठी फार काही करू नका. महिन्यातून एकदा चार थेंब तेल द्या, पावसाळ्यात वर गोणपाट टाका. पण मला एकट्याने फिरवू नका. सोबत कुणाला तरी घ्या. 'ओढ' होऊ द्या आणि 'दाब' म्हणताच त्याला माझे चाक घट्ट धरायला सांगा. हँडल तुमच्या हातात अडेल. ते अडले की इंजिन पुरे बघितले असे समजा.