माझ्या अंगावर लिहिलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. भाटघर धरणाच्या काठी करंजाच्या झाडाखाली मला पालथी घालून ठेवली आहे. माझ्या पोटाखाली कोंबड्या अंडी घालतात आणि पाठीवर शेळ्या चढतात. शेळ्यांचे मला काही वाटत नाही. पण कुणी माणूस जवळ येऊन माझ्या डाव्या कुशीकडे निरखून बघू लागला, की आहे तशीच जमिनीत रुतून जावे असे होते. का ते सांगते. सांगायची लाज वाटते, तरी सांगते.

मला नव्वद सालाच्या सुमारास भोरच्या एका सुताराने बांधले. सागाच्या फळ्या, फटींत कापूस आणि डांबर ठासलेले. बूड सगळे डांबराने काळे केले आणि पाण्याच्या वर राहणाऱ्या पट्टीला निळा ऑईलपेंट दिला. त्या निळ्या पट्टीचा मला फार तोरा होता. धरणातल्या बाकीच्या होड्या काळ्याकुट्ट होत्या, आणि मी त्यांच्याकडे बघतही नसे.

माझा मालक कुंडलिक. तेव्हा तो पंचविशीचा होता. त्याची वस्ती धरणाच्या पलीकडे, त्यामुळे भोरला जायचे तर रस्त्याने मोठा वळसा पडायचा आणि एसटीचा भरवसा नसायचा. माझ्यातून मात्र माणूस अलीकडे आला की पुढे सडक लगेच. मी भाताची पोती नेली, आजारी माणसे नेली, नवऱ्या नेल्या. एकदा एक रेडकू नेले, ते मधोमध उभे राहिले आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. घरी आई धोंडाबाई आणि दम्याने खाटेला खिळलेला बाप रखमाजी, एवढाच कुंडलिकचा संसार. लग्नाचे नाव काढले की तो वल्ही उचलून काठावर यायचा. लोक म्हणत, पोरगं गुणाचं आहे, पण जरा वेगळंच आहे.

बाजाराच्या आदल्या दिवशी भोरहून लतीफ यायचा. तो वस्त्यांवर फिरून बांगड्या विकायचा. लाल फडक्यात बांधलेली त्याची पेटी माझ्या फळीवर ठेवली की प्रत्येक वल्ह्याला आत बारीक किणकिण व्हायची. चारचौघांत कुंडलिक शब्द मोजून वापरायचा, पण लतीफ एकटा बसलेला असला की त्याला कंठ फुटायचा. दोघे हसायचे. परतीला वल्ही कितीतरी हळू पडायची. बाई आणि पुरुष एकमेकांवर जीव लावतात, तसा काही पुरुष पुरुषावर लावतात आणि काही बायका बाईवर. मला त्यात कधी नवल वाटले नाही. होडीला माणसाचे वजन तेवढे कळते, आणि त्या दोघांचे वजन चांगले सारखे बसायचे.

मग सत्त्याण्णव सालचा शिमगा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसे काठावर जमली ती माझ्याकडे बघून थबकली. माझ्या निळ्या पट्टीवर कुणीतरी डांबराने एक शब्द लिहिला होता. मला वाचता येत नाही. पण पुरुष एकमेकांना कोपराने ढोसत होते आणि बायका तोंडाला पदर लावत होत्या, त्यावरून मी काय ते समजले. तो शब्द मी इथे सांगणार नाही. लग्न न करणाऱ्या, दुसऱ्या पुरुषावर जीव लावणाऱ्या माणसाला हिणवायला गावात ज्या शिव्या वापरतात, त्यातली ती एक. लतीफ पेटी घेऊन पलीकडे जायला तिथेच उभा होता.

पलीकडच्या वस्तीवरचे आनंदराव हे मानाचे माणूस. त्यांनी सगळ्यांसमोर विचारले, "काय रं कुंडलिक, लोकं काय म्हनत्यात? ह्यो बांगड्यावाला तुझा कोन?"

कुंडलिकने माझा दोर हातात गच्च धरला. 

"कोन न्हाई," तो म्हणाला. "भाडं दितो, म्या सोडतो. तेवढंच."

 लतीफने पेटी खांद्यावर घेतली आणि आल्या वाटेने भोरकडे चालू लागला. तो पुन्हा माझ्यात बसला नाही.

कुंडलिकने तो शब्द कोयत्याने खरवडला, रॉकेलने घासला, वरून निळ्या रंगाचे दोन हात दिले. पण डांबर मोठे चिवट. पहिल्याच उन्हाळ्यात पट्टी तापली आणि रंगाच्या खालून एकेक अक्षर तपकिरी होऊन वर आले. त्याने परत रंग दिला, ते परत वर आले. शेवटी त्याने रंग द्यायचे सोडले. ज्या पट्टीचा मला तोरा होता, तीच मी काठापासून काठापर्यंत मिरवत फिरू लागले. दुसऱ्या होड्या जवळ आल्या की मी उजवी कूस पुढे करायला बघायची. पण होडीला कुठे स्वतःहून वळता येते?

त्या दसऱ्याला तर कहर झाला. दसऱ्याला आमच्याकडे औजारांची पूजा करतात. धोंडाबाई ताट घेऊन काठावर आली. तिला अक्षरओळख नाही. माझ्या कुशीवरची अक्षरे बघून ती हरखली. "लेका, नाव लिवलंस व्हय रं नावंचं? काय ठिवलंस?"

कुंडलिक आईकडे न बघता म्हणाला, "गंगा."

आणि त्या माउलीने त्या शिवीला हळद लावली, कुंकू लावले. एकेका अक्षराला बोट टेकवले आणि वर झेंडूची माळ सोडली. मागे उभी असलेली माणसे खाली माना घालून हसत होती. तिला कुणीच खरे सांगितले नाही, काहींनी दया आली म्हणून आणि काहींनी मजा टिकावी म्हणून. पुढे दर दसऱ्याला ती आली, हात जोडून मला "गंगे" म्हणाली आणि अक्षरांवर कुंकू लावून गेली. मित्रांनो, शिव्या अंगावर वागवता येतात. पण असा नमस्कार वागवताना मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. कुंडलिक तर त्या दिवशी जेवतही नसे.

अशी बरीच वर्षे गेली. आनंदरावांची मुलगी सोनिया भोरच्या कॉलेजात जाऊ लागली. ती रोज माझ्यातून जायची. शेवटच्या वर्षाला असताना तिचे लग्न ठरले, साखरपुडा झाला, आणि तेव्हापासून ती माझ्या टोकाला बसून पाण्यात बोटे सोडून नुसती बघत राहायची. एका दुपारी ती एकटीच प्रवासी होती. मी पाण्याच्या मधोमध आल्यावर तिने विचारले, "मामा, ह्यो हितं लिवलेला शब्द तुमच्यावर लिवलाय न्हवं? खरं हाय का ते?"

कुंडलिकची वल्ही थांबली. इतक्या वर्षांत हे त्याच्या तोंडावर कुणी विचारले नव्हते.  तो नाही म्हणेल याची मला खात्री होती.

"तू कशाला इचारतीस?" तो म्हणाला.

सोनियाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "खरं असंल तर सांगा. मला लई गरज हाय मामा. दुसऱ्या कुनाला इचारू मी?"

कुंडलिकने वल्ही आत घेतली. तिच्याकडे बघायचे त्याला धाडस नव्हते. तो माझ्या तळाच्या फळीकडे बघत म्हणाला, "व्हय. खरं हाय. म्हंजी, शब्द वंगाळ हाय. पन मानूस म्या तसाच हाय."

मग तो बोलत राहिला. लतीफ कसा हसायचा ते त्याने सांगितले. शिमग्याची सकाळ सांगितली. "शब्द त्येंनी लिवला," तो म्हणाला, "त्येचं दुक हाय, पन एवढं न्हाई. ‘कोन न्हाई’ ह्ये म्या म्हनलो. माझ्या तोंडानं. ते खरवडाय कुठं जाऊ? तू तसं म्हनू नगंस बाय. कुनाला ‘कोन न्हाई’ म्हनू नगंस."

सोनिया बराच वेळ रडली. मग ओढणीच्या टोकाने नाक पुसून म्हणाली, "शाहिस्ता म्हून हाय माझ्या वर्गात. तिच्याबिगर मला काय सुचत न्हाई. मला वाटायचं, आख्ख्या भोर तालुक्यात मी एकलीच अशी हाय."

"म्या बी तेच समजून हुतो," कुंडलिक म्हणाला. दोघेही जरासे हसले. वारा आम्हाला हळूहळू धरणाच्या भिंतीकडे ढकलत होता, ते दोघांच्याही ध्यानात नव्हते.

सोनियाने घरी सांगितले, हे लग्न मला करायचे नाही. कारण सांगितले नाही. आनंदरावांनी तिला मारले, कॉलेज बंद केले. पण होडी मधोमध थांबलेली काठावरून कुणीतरी पाहिली होती. पुढच्या बाजाराच्या दिवशी आनंदराव मुलीला दंडाला धरूनच काठावर आले. माणसे भरपूर होती. धोंडाबाईही टोपली घेऊन भोरला निघाली होती.

"माझ्या पोरीला मधी पान्यात थांबवून काय शिकवलंस रं?" आनंदराव ओरडले. "बोल सगळ्यांम्होरं!"

काही नाही, एवढे म्हटले असते तरी त्या दिवसापुरते भागले असते. सोनियाने मान वर करून कुंडलिककडे पाहिले.  तो पुन्हा "कोन न्हाई" म्हणतो का, हेच ती बघत होती. मीही तेच बघत होते.

कुंडलिकचा चेहरा काळवंडला.  "शिकवलं काय न्हाई. माझी सोताची गोष्ट सांगितली."

"कसली गोष्ट?"

"हितं लिवलीय ती." त्याने माझ्या पट्टीवर हात ठेवला. "तुमी मला इचारलं हुतं आनंदराव, लतीफ तुझा कोन म्हून. म्या खोटं बोललो. त्यो माझं समदं हुता."

 धोंडाबाई पुढे आली. "आरं, ती तर गंगा हाय न्हवं?"

"न्हाई आये. ती शिवी हाय. माझ्यावरची."

धोंडाबाई अक्षरांकडे बघत राहिली. आनंदरावांची पकड सैल झाली होती, की सोनियाने दंड सोडवून घेतला, ते मला सांगता येणार नाही. ती बापापासून दोन हात लांब उभी होती. मग धोंडाबाईने टोपली माझ्यात ठेवली, लुगडे सावरले आणि येऊन बसली. "चल," ती म्हणाली, "बाजाराला उशीर हुतोय." दुसरे कुणी बसले नाही.

निम्मे पाणी कापले तरी ती पाठमोरीच होती. मग म्हणाली, "म्या त्येला कुकू लावत हुते. तू लावू दिलंस."

"लाज वाटत हुती आये."

 मग ती आपल्या हातातल्या बांगड्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "ह्या हातांत त्योच बांगड्या भरायचा. माझा हात हातात घिऊन भरायचा, एक बी कधी टिचली न्हाई. आनि च्या पाजायचं तर त्येचा कप म्या येगळा ठिवला हुता. बाहीर, वळचनीला." तिने तोंडाला पदर लावला. "तुझी कसली लाज धरू म्या? बलीव त्येला. आत बसंल."

कुंडलिक भोरला गेला. मी काठाला बांधलेली, म्हणून तिथे काय झाले ते मला ठाऊक नाही. तो एकटाच परत आला आणि त्याचे डोळे लाल होते. लतीफ कधी आलाच नाही. त्यालाही त्याचा मान होता. धोंडाबाईने वळचणीचा कप घरात आणला आणि शेवटपर्यंत ती स्वतः त्यातून चहा प्यायली.

सोनियाचे लग्न मोडले. बापाने बोलणे टाकले, ती पुण्यात नोकरीला लागली. शाहिस्ताचे पुढे काय झाले, ते मला कळले नाही. मग कधी हिर्डोशीकडून, कधी गुंजवण्याकडून एखादे अनोळखी पोर काठावर येऊन चुळबुळत उभे राहू लागले. "सोनियाताईंनी पाठवलंय," एवढेच म्हणायचे. कुंडलिक त्याला माझ्यात बसवून पाण्यावर न्यायचा आणि आपली गोष्ट सांगायचा. शिमग्याची सकाळ आली की दर वेळी त्याची मान खाली जायची. तरी तो ‘कोन न्हाई’ गाळायचा नाही. येताना आखडून बसलेले पोर परतताना स्वतःबद्दल भडाभडा बोलत असायचे.

पुढे पक्का रस्ता झाला, वस्तीवर जीप येऊ लागल्या आणि मला पालथी घातली. कुंडलिकचे केस पिकले. लोकांपैकी काही त्याच्याशी नीट बोलतात, काही अजून बोलत नाहीत. शब्द माझ्या अंगावर आहे तसाच आहे.

म्हणून मित्रांनो, एक विनवणी. तुमच्या हाती खडू येईल, कोळसा येईल, डांबराचा डबा येईल. भिंतीवर, बाकावर, होडीवर कुणाला हिणवणारे काही लिहू नका. लिहायला क्षणभर लागतो, वागवणाऱ्याचा जन्म जातो. आणि तुमच्यापैकी कुणाला आपल्याबद्दल असेच काही सांगायचे असेल, तर भरवशाचे माणूस बघा आणि सांगा. लाज संपायची वाट बघत बसू नका. कुंडलिकची अजून संपलेली नाही, तो लाजत लाजतच सांगतो. ऐकणारे तुम्ही असाल, तर भर पाण्यात होडीत बसतात तसे बसा. सांगणारा काठाला लागेपर्यंत उठू नका.