वरच्या पाण्याचं माप

मी मत्स्य कार्यालयातली काचेची नळी बोलतेय. पोटात शिशाचे मणी, गळ्यावर बारीक रेघा. गोड्या पाण्यात मी खोल बुडते, खाऱ्यात वर उचलली जाते. पाणी किती खारट आहे, ते माझ्या रेघेवरून कळतं. एवढंच माझं काम, आणि त्यात मी कधी खोटं बोलले नाही.

कोळंबी समुद्रात अंडी घालते आणि तिची पिल्लं वाढायला खाडीत येतात. खारं पाणी जड, ते तळाशी असतं. पिल्लं त्याच्याबरोबर आत शिरतात. म्हणून तळाचं पाणी पुरेसं खारं झालं की महिनाभर मासेमारी बंद, असा नियम. जुने साहेब होडीवाल्या काकांबरोबर खाडीच्या मधोमध जात, दोरीला बाटली बांधून तळाचं पाणी काढत आणि मला त्यात सोडत.

नव्या साहेबांना होडीची धास्ती. त्यांनी धक्क्याच्या पायरीवर उभं राहूनच बादली भरली. नेमकं तिथेच बर्फाच्या कारखान्याचं गोडं पाणी खाडीत पडतं. मी गळ्यापर्यंत बुडाले.

"पाणी गोडच आहे. बंदीची घाई नको."

"साहेब, हे वरचं झालं. तळाचं बघा की," काका म्हणाले.

"काका, नळी काय खोटं बोलते?"

मला तेव्हा फुटून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी जाळी टाकली. काकांनीही टाकलं, आपण थांबलो म्हणून दुसरे थोडेच थांबणार? त्यांच्या सुनेने टोपली उपडी केली. नखाएवढी बारीक, आरपार दिसणारी पिल्लं.

"मामंजी, ही तर तान्ही आहेत हो!"

टोपल्याच्या टोपल्या कोंबड्यांच्या खाद्यासाठी गेल्या.

पुढच्या वर्षीही बादली पायरीवरच भरली. तिसऱ्या वर्षी जाळी रिकामी आली. काकांचा मुलगा बायकोला घेऊन दूर बांधकामावर गेला. काकांनी जाळं विकायला काढलं, तर फुकटातही कोणी नेईना.

परवा वरून खरमरीत पत्र आलं, तेव्हा साहेब जीव मुठीत धरून काकांच्या होडीत बसले. काकांनी तळाचं पाणी काढून दिलं. मी बरोबर बंदीच्या रेघेवर तरंगले. साहेबांचा चेहरा उजळला.

"आजपासून बंदी!"

"लावा," काका वल्हं उचलत म्हणाले, "आता मोडायला कोणी उरलं नाही."

आता मी कपाटात कापसावर पडून आहे. हवं तर मला दोष द्या. पण पुढच्या वेळी पाणी कुठलं घ्यायचं, ते काकांना विचारा. ते तोवर इथे असले तर.