भिंतीला रेटणारा गर्डर

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी गर्डर आहे. ओमानमधल्या सहम गावच्या बाजारात, शरीफभाईंच्या कापडदुकानाच्या दारावर मी आडवा बसलो आहे. माझी गोष्ट सांगताना मला फार शरम वाटते.

१९९४ साली तानाजी गवंड्याने मला इथे चढवले. तो आणि शरीफभाई दोघेही रत्नागिरीकडचे. परक्या मुलखात भावांसारखे राहत. माझी दोन्ही टोके भिंतीत घालून तानाजीने भोवती सिमेंट ठासून भरले. "आता हा तसूभरही हलायचा नाही," तो म्हणाला. मी फुशारलो.

पण मी हललो. दिवसभर ऊन माझ्या अंगावर पडे. लोखंड तापले की लांबते. पुढे जागाच नव्हती, म्हणून मी भिंतीला रेटू लागलो. थंडीत आखडलो, उन्हाळ्यात पुन्हा रेटले. भिंतीला तडे गेले. बुजवले, तरी पुन्हा उघडले.

एके दिवशी शरीफभाई तानाजीवर भडकले. "सिमेंट खाल्लंस तू माझं! भावासारखं मानलं रे तुला!"

तानाजीचा चेहरा उतरला. "शरीफभाई, भिंत फोडून बघा हवं तर," एवढेच बोलून तो जवळच्या खाबुरा गावी निघून गेला. ईदला शेवया खायलाही पुन्हा आला नाही. दोष माझा होता, आणि मला वाचा नव्हती.

२००१च्या जूनमध्ये, भर दुपारी माझ्या टोकाखालचा भिंतीतला सिमेंटचा ब्लॉक निखळला आणि शरीफभाईंच्या पत्नी नूरबानूभाभी यांच्या खांद्यावर पडला. हाड मोडले. त्यांची किंकाळी ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

सोहार शहरातून आकांक्षा नावाची इंजिनियर आली. तिने भिंत फोडून पाहिली. "सिमेंट भरपूर आहे. गर्डरला लांबायला जागाच ठेवलेली नाही. टोकाशी बोटभर फट हवी होती."

शरीफभाईंनी भिंतीतले सिमेंट बोटांनी चाचपून पाहिले. गळ्यात हात बांधलेल्या भाभी म्हणाल्या, "माझा हात बरा होईल. तानाजीभाऊंना बोललात, त्याचं काय?"

दुसऱ्या दिवशी शरीफभाई तानाजीला घेऊन आले. वाटेत माफी मागून झाली असावी. दोघांचेही डोळे लाल होते. भाभींचा हात पाहून तानाजी म्हणाला, "भाभी, मलाही हे ठाऊक नव्हतं हो." मग त्याने माझी टोके मोकळी केली.

मित्रांनो, लोखंड भिंतीत बसवाल तेव्हा त्याला थोडी जागा ठेवा. आणि तडा दिसला तर कुणाला चोर म्हणण्याआधी तो का पडला, ते नीट बघा.

भिंत नवी झाली. भाभींचा हात मात्र खांद्याच्या वर जात नाही. वरच्या फळीवरचे कापडाचे ठाण काढायला त्या शरीफभाईंना हाक मारतात, तेव्हा त्यांच्याकडे बघण्याचा मला धीर होत नाही.