बाल्कनीचं दार

मूल बारावीला गेलं की घरातली मोठी माणसंही चवड्यावर चालायला लागतात, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या इंचॉन शहरात तर याची हद्दच होते. कॉलेजप्रवेशाच्या मोठ्या परीक्षेच्या दिवशी इंग्रजीचा ऐकण्याचा भाग सुरू झाला की तेवढा वेळ देशभर विमानं उडत नाहीत, उतरत नाहीत. सरकारच जिथे मुलांसाठी आभाळ गप्प करतं, तिथे एका आईने आपलं घर गप्प केलं तर तिला नावं कोण ठेवणार? इमारतीतल्या आम्हा सगळ्यांना मिरानचं कौतुकच वाटलं होतं.

मिरान चौथ्या मजल्यावर राहते. तिच्या नवऱ्याचं नाव संगहून, तो पार्सलची गाडी चालवतो, सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. मुलगी सोदाम हुशार, पण चंचल. पुस्तक उघडलं की पोरीचं लक्ष खिडकीबाहेर. तिच्या मैत्रिणी पैसे भरून अभ्यासिकेत बसायच्या, तिथे प्रत्येकीला वेगळा कप्पा, वेगळा दिवा. ते मिरानच्या आवाक्यातलं नव्हतं. मग तिने ठरवलं, अभ्यासिका घरातच करायची, आणि तीही जवळजवळ फुकटात.

आणि केली हो तिने! कुणीतरी घर बदलताना खाली टाकून दिलेलं टेबल तिने एकटीने वर ओढत आणलं. बाजारातून सफरचंदांचे रिकामे खोके आणून त्यांचं कपाट केलं. हॉलमध्ये जुन्या चादरीचा पडदा लावला. टेनिसच्या जुन्या चेंडूंना चिरा पाडून ते खुर्चीच्या पायांत बसवले, म्हणजे खुर्ची सरकली तरी आवाज नको. भिंतीवरच्या घड्याळाचे सेल काढले. सोदामचा मोबाइल सकाळीच किमचीच्या, म्हणजे कोबीच्या लोणच्याच्या, रिकाम्या डब्यात जायचा, वर घट्ट झाकण. उठायची वेळ, जेवायची वेळ, सगळं खऱ्या परीक्षेच्या वेळापत्रकाबरहुकूम. पोरीचे गुण चढायला लागले. इमारतीतल्या बायका मिरानची अभ्यासिका पाहायला येऊ लागल्या.

फक्त एक अडचण उरली होती, ती म्हणजे पिल्सून आजी, संगहूनची आई. वय झालेलं, गुडघे गेलेले. हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून ती लसूण सोलत बसायची. तिच्या लेकीचं, ह्येसुकचं, बाजारात तोंडीलावण्यांचं दुकान आहे, त्यासाठीचा तो लसूण. बाजूला रेडिओ गुणगुणायचा, मधूनच आजीचा खोकला. मिरानने एकदा अगदी गोड आवाजात विषय काढला की, आई, परीक्षा होईपर्यंत तुम्ही काचेच्या बाल्कनीत बसाल का? तिथे गादी घालते, विजेची गरम चटई देते. आजीने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. मला काय गं, मी कुठेही पडेन, म्हणाली आणि स्वतःच लसणाचं घमेलं उचललं.

बाल्कनीचं ते सरकतं दार जुनं होतं. चाकं झिजलेली, उघडताना किंचाळायचं. म्हणून अभ्यासाच्या वेळात ते बंद ठेवायचं ठरलं. आजीने रेडिओ गुंडाळून ठेवला. खोकला आला की टॉवेल तोंडाशी धरायला शिकली. मध्येच उठावं लागू नये म्हणून पाणी कमी प्यायला लागली. हे कुणी तिला सांगितलं नव्हतं, पण कुणी विचारलंही नव्हतं.

ह्येसुक एकदा लसूण न्यायला आली तेव्हा आईला बाल्कनीत पाहून तिथेच उभी राहिली. मग स्वयंपाकघरात येऊन मिरानला म्हणाली, "तू घर छान आवरलंस, मिरान. पण आईलाही आवरून ठेवलंस की गं."

"वन्सं, एका वर्षाचा तर प्रश्न आहे. परीक्षा झाली की आई परत हॉलमध्ये."

"सोदामचं एक वर्ष आणि आईचं एक वर्ष सारखं धरतेस? पोरीकडे अजून ढीगभर वर्षं पडलीयत."

मिरानचा चेहरा उतरला. तिने मनाला लावून घेतलं, पण बोलायच्या आत काचेमागून टकटक झाली. आजी ओठांवर बोट ठेवून स्वतःच्या लेकीला गप्प करत होती. पोरगी वाचतेय, हळू बोला, असं हातानेच सांगत होती. ह्येसुक लसणाची पिशवी उचलून डोळे पुसत निघून गेली.

पानगळ सुरू झाली होती. त्या रविवारी मिरानने घरीच पूर्ण सराव परीक्षा लावली. संगहून बाहेर गेलेला. दुपारी इंग्रजीचा ऐकण्याचा भाग सुरू झाला. मिरान स्वयंपाकघराच्या दाराशी पहारा देत बसली होती, फ्रिजचं बटणसुद्धा तिने बंद केलं होतं. आणि नेमकं तेव्हाच बाल्कनीतून धप्प असं काहीतरी वाजलं.

मिरानच्या कपाळावर आठी उमटली. लसणाचं घमेलं पाडलं असणार आईंनी! एवढं सांगूनही! उठून जावं असं तिच्या मनात आलं, पण दार किंचाळलं असतं. पेपर झाल्यावर बोलू, असं ठरवून ती बसून राहिली. पुढे ऐकण्याचा भाग संपला, वाचनाचा संपला, सोदामने पेन खाली ठेवलं. तेव्हा मिरानने दार ओढलं.

आजी फरशीवर कुशीवर पडली होती. एक पाय वेडावाकडा झालेला, चेहरा घामाने भिजलेला. लसणाच्या पाकळ्या सगळीकडे विखुरल्या होत्या. आणि टॉवेल तिने स्वतःच्या हाताने तोंडात कोंबला होता, दातांत गच्च धरून.

मिरानने तो टॉवेल काढला तेव्हा आजीचा पहिला शब्द होता, "झाला का गं पेपर?"

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, पण नंतर छातीत कफ भरला. दवाखान्यात खोकला आला की आजीचा हात अजूनही उशाशी टॉवेल शोधायचा. खोका आजी, मोकळेपणाने खोका, असं नर्सबाई सांगायच्या. मिरान तो हात धरून बसायची आणि रडायची. सोदामच्या परीक्षेआधीच आजी गेली.

सगळे विधी आटोपले, पाहुणे गेले. सोदाम टेबलाशी बसली होती, पुस्तक मिटलेलं. समोर त्या रविवारची उत्तरपत्रिका पडलेली होती. ऐकण्याच्या भागातलं एकही उत्तर चुकलं नव्हतं. पोरीला धीर द्यावा म्हणून मिरान तेवढंच म्हणाली, की बघ, सगळं बरोबर ऐकलंस.

सोदामने मान वर केली नाही. "आई, मला तो आवाजही ऐकू आला होता."

"कुठला?"

"आजी पडली तो."

"मग उठली का नाहीस गं?"

"उठले असते तर तू आजीला ओरडली असतीस. म्हणून मी पुढचं उत्तर लिहिलं."

मायलेकी दोघींनी आवाज ऐकला होता, आणि दोघी आपापल्या जागी बसून राहिल्या होत्या. या घरात लक्ष लागावं म्हणून मिरानने काय नाही केलं! आणि लक्ष कुठे द्यायचं, तेच तिघींतल्या दोघी विसरल्या. मिरान लेकीच्या पायाशी बसली आणि लहान मुलासारखी हुंदके देऊन रडली. सोदामने तिला जवळ घेतलं, पण सांत्वन कुणी कुणाचं करायचं?

थोड्या वेळाने मिरान उठली. स्वयंपाकघरातून तेलाची बाटली आणली आणि बाल्कनीच्या दाराच्या चाकांवर दोन थेंब सोडले. दार ओढलं. ते जरासुद्धा वाजलं नाही. सबंध घराचा आवाज बंद करणाऱ्या मिरानने तेवढ्या एका दाराला कधी तेल घातलं नव्हतं, कारण त्या दारापलीकडच्या माणसाकडे जायची कुणाला गरजच पडत नव्हती. उघड्या दाराच्या कडेला डोकं टेकून ती कितीतरी वेळ उभी होती.

सोदामने परीक्षा दिली, बेताचे गुण मिळवले आणि शहरातल्याच एका कॉलेजात जाऊ लागली. मिरान आता हॉलमध्ये, आजीच्या जागी बसून वन्संच्या दुकानासाठी लसूण सोलते. रेडिओ लावलेला असतो.

वसंतात नवीन वर्ग सुरू झाले तेव्हा खालच्या मजल्यावरची उजिनची आई तिच्याकडे आली. पोरगा बारावीला गेला होता, कमी खर्चात अभ्यासाची जागा कशी लावायची ते तिला हवं होतं. मिरानने काही लपवलं नाही. खोके, पडदा, चेंडू, किमचीचा डबा, सगळं सांगितलं. मग सुरी बाजूला ठेवून विचारलं, "तुमचे सासरे कुठे बसतात हो?"

"त्यांचं काय, त्यांना आतल्या खोलीत..."

"त्यांच्या खोलीचं दार वाजतं का?"

"वाजतं थोडं."

"मग आधी त्याला तेल घाला. आणि अभ्यास चालू असतानासुद्धा ते उघडत जा." एवढं म्हणून मिरानने हाताने डोळे पुसले आणि पुन्हा लसूण घेतला.

माझ्या बंधुभगिनींनो, मुलांच्या अभ्यासाला जागा लागते, शिस्त लागते, थोडी शांतताही लागते, आणि ती विनाखर्च उभी करता येते. जरूर करा. पण घर लावायला घ्याल तेव्हा टेबल कुठे ठेवायचं हे ठरवायच्या आधी घरातलं म्हातारं माणूस कुठे बसणार ते ठरवा, आणि तेही त्याला विचारून. मूल एखाद्या वर्षी नापास झालं तर पुढच्या वर्षी पुन्हा बसू शकतं. मिरानच्या सासूबाईंनी टॉवेल दातांत धरून जो वेळ काढला, तो त्यांना आता कुणी परत देणार नाही.