खिडकीखालची कर्दळ

गल्लीत तिला जमादारीण म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर म्हणायची कोणाची छाती होती? पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. दुकानात ती शिरली की रांग आपोआप सरळ व्हायची.

नवरा गवंडी. त्याला सगळे मेस्त्री म्हणत, आणि चारचौघांत तीही मेस्त्रीच म्हणे. जन्मभर त्याच्या भिंती बोलल्या, तो बोलला नाही. दिवसाला दहा शब्द, त्यातले चार 'हं'. उरलेलं सगळं तीच बोलायची, दोघांच्या वाटचं.

दोघांत खरं भांडण एकच होतं, चाळीस वर्षांचं. अंगणाचं.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, थोरला पाच महिन्यांचा असताना, ती पंधरा दिवस माहेरी राहून आली. गेली तेव्हा अंगणात तिच्या हातचा गुलाब होता, मोगरा होता, भिंतीलगत कर्दळ होती. परत आली तर दारापासून कुंपणापर्यंत सिमेंटचा कोबा. घोटून घोटून ताटासारखा केलेला. औषधाला गवताचं पातं नाही. मेस्त्री दारात उभा, कोपरापर्यंत सिमेंट, आणि चेहऱ्यावर पोराला पहिला नंबर मिळाल्यासारखा आनंद.

"झालं," तो म्हणाला. "आता काळजी नाही."

"माझी झाडं कुठायत?"

"हं," म्हणाला मेस्त्री.

आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही, आणि नवव्या दिवशी जी बोलायला लागली ती थांबलीच नाही. शेजारणी कोब्याचं कौतुक करायच्या. एक म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायची सोय नाही बाई तुमच्याकडे." जमादारीण म्हणाली, "नाचायला जागा केलीय हो त्यांनी. जीव रमवायला नाही केली." मेस्त्री ऐकायचा आणि रोज संध्याकाळी बादलीभर पाणी ओतून कोबा धुवायचा. पाणी सरसर कुंपणाकडे निघून जायचं. त्याच साली थोरल्याचा खोकला गेला. जन्मल्यापासून पोर घरघरत होतं. आपण छाती शेकून शेकून त्याला बरं केलं, असं ती येईल त्याला सांगायची.

मग एका सकाळी मेस्त्री चहाचा कप उचलायला गेला आणि कप उचललाच नाही. उजवं अंग गेलं, वाचा गेली. शाबूत राहिला तो डावा हात. पुढच्या खोलीत खिडकी मोठी, उजेड चांगला, म्हणून खाट तिथे बाहेरच्या भिंतीला लावली. मेस्त्री उशीला टेकून अंगणाकडे बघत बसायचा.

पहिले दोन महिने तिनं सगळं केलं. पुसणं, भरवणं, कूस बदलणं. एका दुपारी ती पेजेचा चमचा त्याच्या तोंडाशी धरून बसली आणि हा बघतोय बाहेर, कोब्याकडे. चेहऱ्यावर तोच जुना आनंद. तिचं डोकंच फिरलं.

"मी इथे हाडाची काडं करतेय आणि तुम्ही त्या सिमेंटच्या सवतीकडे बघताय?" ती म्हणाली. "थांबा. आता तुम्हाला बघायला दुसरं काही देते."

सून दारातच उभी होती. सून तशी हसरी आणि सासूला पुरून उरणारी. म्हणाली, "आई, कोबा फोडणार? मामंजींच्या डोळ्यांदेखत?"

"डोळ्यांदेखतच. मागे माझ्या माघारी घातला त्यांनी. मी काही तशी चोरटी नाही."

कोणा गवंड्याला विचारलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण मेस्त्रीचा कोबा फोडायला गावातल्या गवंड्याचा हात धजला नसता, आणि विचारायला जाणं तिच्या रक्तात नव्हतं. मेस्त्रीचा जन्माचा जोडीदार होता एक, उंच, काटकुळा, सरळ बोलणारा. भिंत सरळ आहे का बघायच्या वजनाच्या दोरीवरून त्याला सगळे ओळंबा म्हणत. तो सहा महिन्यांसाठी दूरच्या कामावर गेलेला. राहिला थोरला. तो बस चालवायचा; बापाची थापी त्यानं कधी हातात धरली नव्हती. सुट्टीच्या दिवशी आईनं पहार दिली आणि त्यानं मुकाट्यानं घातली.

पहिला घाव बसला तसा खिडकीत मेस्त्रीचा हात वर आला.

पंजा सपाट धरलेला. मग बोटांची टोकं हळूच खाली झुकली, भिंतीच्या बाजूला. पुन्हा सपाट. पुन्हा झुकली. घशातून नुसती घरघर.

"बघ, बघ," ती लेकाला म्हणाली, "सपाट कर म्हणतायत. अजून सपाट हवंय त्यांना. माझं आयुष्य सपाट केलं तेवढ्यानं भागलं नाही."

"आई, त्यांना त्रास होतोय."

"होऊ दे. मला चाळीस वर्षं झाला. तू पहार चालव."

चार बोटं जाड कोबा होता. तुकड्या-तुकड्यांनी निघाला. तुकडे तिनं वाफ्यांना कडेनं लावले, वर एक गाडीभर चांगली माती ओतली, खत कालवलं. खिडकीखाली तर माती हातभर चढवली, कारण झाडं वर यायला हवीत, खाटेवरून दिसायला हवीत. शाळेचा माळी कर्दळीचे गड्डे घेऊन आला. म्हणाला, "आजी, ही म्हैस आहे म्हैस. हिचे पाय पाण्यात हवेत." ती सकाळ-संध्याकाळ पाइप धरून उभी राहायची. पाणी भिंतीपाशी डबक्यासारखं थांबायचं आणि हळूहळू आत जिरायचं. जिरलेलं बघून तिला बरं वाटायचं. झाड पितंय म्हणायची.

आणि खोटं कशाला बोला, बाग झाली. अशी झाली की सायकलवरून जाणारा उतरून बघायचा. कुंपणाला शेवंती, वाटेच्या दोन्ही अंगांना झिनिया, दाराशी मोगरा, आणि खिडकीखाली केळीसारख्या पानांची कर्दळ, तिच्यावर लालभडक तुरे. जमादारीण दारात खुर्ची टाकून बसायची. कोणी फूल मागितलं तर म्हणायची, "बघायला फुकट आहे. तोडलंस तर बोट तोडीन." लोक हसायचे. तीही हसायची. सून म्हणाली, "आई, तुम्हाला हसताना बघायचं म्हणजे मेलं अंगणच फोडायला लागलं."

फक्त मेस्त्री हसत नव्हता. कर्दळीचा पहिला तुरा फुटला त्या दिवशी तिनं त्याचं तोंड धरून खिडकीकडे वळवलं.

"बघा. कोबा छान की हे छान?"

डावा हात वर आला. पंजा सपाट. बोटं झुकली. मग त्या हातानं त्यानं खाटेमागची भिंत थोपटली. एकदा, दोनदा, चारदा.

"कळलं. भिंत तुम्ही बांधलीत. घर तुमचं. पण फुलं माझी."

महिन्याभरानं सून खोली झाडत होती. "आई, इकडे या. भिंतीला पोपडे सुटलेत. हात लावून बघा, गार लागतेय. गादीची कडसुद्धा दमट आहे."

ती आली. खाटेच्या मागे, जमिनीपासून कंबरेपर्यंत, भिंत काळपट झालेली. चुना फुगून पिठासारखा गळत होता. तिनं बघितलं. एक पोपडा उचकटून बोटांत चुरला. पण तोंड मनाच्या आधी धावायची सवय.

"गिलावा जुना झालाय. तुझ्या सासऱ्यांनीच केलाय, त्यांनाच विचार."

"खाट आतल्या खोलीत घेऊ या का?"

"आतल्या खोलीत खिडकी आहे? त्यांना काय बघायला देशील, धान्याचे डबे? मी ही बाग केली कशाला?"

आणि तिनं जुनी फुलाफुलांची चादर काढली आणि चार खिळे मारून भिंतीवर ताणून बसवली. खिळे मारताना चुना हातावर सांडला. झटकला.

खोकला आला तो आधी बारीक, मांजर शिंकल्यासारखा. मग घरघर. ती घरघर तिच्या कानांना ओळखीची वाटली, कुठली ते आठवेना. तिनं छाती शेकली. हातखंडा इलाज. चार दिवस शेकली, आठ दिवस शेकली. डॉक्टर आले, नळी लावून ऐकलं, औषध दिलं आणि नाक वर करून म्हणाले, "आजी, इथे वास कसला येतोय? खोली बदला." त्या संध्याकाळी थोरल्यानं आणि सुनेनं खाट उचलून आत नेली. तिनं अडवलं नाही. पण पाइप घेऊन कर्दळीपाशी उभी राहिली, पाठ घराकडे करून.

आतल्या खोलीत खिडकी नव्हती, तरी मेस्त्रीचा हात थांबला नाही. श्वास पुरत नव्हता, अंगात ताप, आणि हात वर. सपाट, झुकता. सपाट, झुकता. तिला बघवेना. तिनं तो हात धरला, खाली आणला आणि चादरीखाली दाबून धरला.

"पुरे आता," ती म्हणाली. "जिंकलात तुम्ही. पुरे."

हातानं थोडा वेळ खालून जोर केला. मग सोडून दिला. तिसऱ्या सकाळी मेस्त्री गेला.

डॉक्टर म्हणाले, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची छाती भरतेच, आज ना उद्या हे होणारच होतं. माणसं आली, गेली. सगळे जाताना बागेकडे बघून म्हणाले, काय फुललीय.

ओळंब्याला निरोप उशिरा पोचला. आला तो पंधरा दिवसांनी, पिशवी खांद्यावरच. फाटकात थबकला. जमादारीण दारातल्या खुर्चीवर होती. त्यानं शेवंतीकडे बघितलं नाही, झिनियाकडे बघितलं नाही. सरळ खिडकीखाली गेला, गुडघ्यावर बसला आणि कर्दळीच्या बुडात हात घातला. मनगटापर्यंत चिखल लागला.

"वहिनी," तो म्हणाला, "कोबा कोणी फोडला?"

"मी."

"आणि माती? जोत्याच्या वर वीतभर माती आहे ही. भिंत पाणी पीत असेल."

तिनं मान वळवून आतल्या भिंतीवरच्या चादरीकडे बघितलं. ओळंबाच गडबडला. हात झटकत उभा राहिला.

"ही जागा मुळात खोलगट. अख्ख्या अंगणाचं पाणी घराच्या बुडाशी यायचं. तुम्ही माहेरी गेलात तेव्हा मेस्त्रीनं मला बोलावलं. म्हणाला, पोराची छाती वाजतेय, खोलीत ओल आहे, ती यायच्या आत झालं पाहिजे. दिवसरात्र खपलो दोघं. लोक म्हणायचे काय सपाट कोबा! सपाट कुठला? कुंपणाकडे चार बोटं उतार होता त्याला. कोणाला दिसायचा नाही, ती त्याची करामत. आता पाणी असं येतंय बघा." आणि बोलता बोलता त्यानं डावा पंजा सपाट धरला आणि बोटांची टोकं हळूच खाली झुकवली, भिंतीच्या बाजूला.

जमादारीण खुर्चीतून उठली.

"पुन्हा कर."

"काय?"

"तो हात. पुन्हा कर."

"हा? हा तर आमचा रोजचाच. कामावर आवाजात बोलणं ऐकू येत नाही ना. पाणी कुठे चाललंय ते सांगायला—"

"पुन्हा कर म्हणते ना!"

त्यानं केला. सपाट, झुकता. ती बघत राहिली. सून आतून धावत आली. सासूचा चेहरा बघून तिचं हसू जागच्या जागी विझलं.

"सांगायला काय झालं होतं त्यांना?" जमादारीण म्हणाली, कोणाला कोण जाणे. "चाळीस वर्षं तोंड होतं."

ओळंबा सरळ माणूस. म्हणाला, "तुम्ही विचारलं होतं का, वहिनी?"



ती परसदारी गेली, कुदळ घेऊन आली. पहिला घाव कर्दळीच्या बुडात घातला. लाल तुरे आडवे झाले. ओळंबा पुढे झाला तर त्याच्याकडे तिनं नुसतं बघितलं, आणि तो मागे सरला. सून म्हणाली, "आई, राहू द्या हो आता. आता कोणासाठी?"

"बाजूला हो."

दुपार टळेपर्यंत तिनं भिंतीलगतची माती उपसली, जोत्याचा दगड उघडा पडेस्तोवर. मग खिडकीपासून कुंपणापर्यंत चर खणला, झिनियातून, शेवंतीतून, मधे येईल ते कापत. हाताला फोड आले, फुटले. शेवटी बादली आणून तिनं खिडकीखाली तांब्याभर पाणी ओतलं आणि उकिडवी बसून बघू लागली.

पाणी थोडं पुढे गेलं, थांबलं आणि मागे भिंतीकडे वळलं.

तिनं पुन्हा कुदळ घेतली. पुन्हा ओतलं. पुन्हा वळलं. तेव्हा तिनं चिखलानं भरलेला डावा पंजा डोळ्यांसमोर सपाट धरला आणि टोकं झुकवली, या खेपेला कुंपणाच्या बाजूला. किती झुकवायची ते सांगणारं आता घरात कोणी नव्हतं.