निवांतबाबाचं तळघर

पडक्या देवळाच्या पायऱ्यांवर त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. तळघराचं दार उघडलं, तशी माणसं टाचा उंचावून बघू लागली. दोघा सेवकांनी काखेत हात घालून एका निवृत्त कारकुनाला वर आणलं. गाल लालबुंद, डोळे अर्धे मिटलेले, पाय पायात अडकत होते.

"बघा, काय तेज आलंय," कट्ट्यावर मांडी ठोकून बसलेला निवांतबाबा म्हणाला. "आत गेला तो माणूस होता. बाहेर आली ती निव्वळ शांती."

निव्वळ शांती दोन पावलं चालली आणि खांबाला धरून भडाभडा ओकली.

"निघाला. विकार निघाला," बाबा म्हणाला. लोकांनी हात जोडले.

गर्दीच्या कडेला पाठीवर सॅक घेतलेली एक बाई उभी होती. ती इस्पितळात भूल देणारी डॉक्टर होती. रजा काढून एकटीच निघाली होती, ती या देवळाच्या मागच्या भिंतीवर कोरलेली नर्तकींची रांग पाहायला. बुवाबाजीसाठी तिच्याकडे ना वेळ होता ना इच्छा. पण माणसं शुद्ध हरपताना आणि शुद्धीवर येताना बघण्यात तिचा जन्म गेला होता. हे तेज तिला पटेना. ती कारकुनाजवळ जाऊन बसली.

"काय होतंय, काका?"

"डोकं फुटतंय. बाबा म्हणतात, फुटायलाच पाहिजे."

त्याची नाडी सैरावैरा धावत होती. आधी आत जाऊन आलेले आणखी काही जण शेजारी कपाळ दाबून आडवे पडले होते. कुणी गुडघेदुखीसाठी आलेलं, कुणी खटल्याच्या काळजीनं. आता सगळ्यांची तक्रार एकच: डोकं जड, मळमळ, गरगर. वेगवेगळी दुखणी घेऊन आलेली माणसं एकच दुखणं घेऊन परत चालली होती.

रांगेत पुढे एक शिंपी होता. सोबत त्याची आई आणि बायको. बायकोचे दिवस भरत आले होते आणि तिला रात्र रात्र झोप लागत नव्हती.

"यांना आत पाठवू नका," डॉक्टर म्हणाली. "मी डॉक्टर आहे. आतल्या हवेत काहीतरी गडबड आहे."

शिंप्यानं आईकडे बघितलं. आईनं डॉक्टरला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तुमच्या गोळ्या झाल्या की खाऊन. इथं नुसतं बसायचंय. बसण्यानं कुणाचं वाईट झालंय?"

आत हवा येते तरी कुठून, असं डॉक्टरच्या मनात आलं. ते शोधायला ती देवळाला वळसा घालून मागे गेली.

नर्तकींची रांग तिथंच होती. पण मधल्या नर्तकीला कमरेपासून वर काही उरलं नव्हतं. पहारीनं फोडून तिथं भोक पाडलं होतं आणि त्यातून पत्र्याचा जाड नळ आत गेला होता. नळाच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याची बंदिस्त शेगडी, तिच्यात धुमसणारा कोळसा, आणि सगळं आत ढकलणारा छोटा पंखा. शेजारी फावडं घेतलेला माणूस विडी ओढत बसला होता.

"हे कशाला?" तिनं विचारलं.

"आतली ओल मारायला. इकडं यायला मनाई आहे, बाई."

भिंतीच्या कडेला मेलेल्या कबुतरांचा ढीग होता. मुंग्या लागल्या होत्या. "आणि ही?"

"खालच्या झरोक्यातून आत शिरतात. रोज लोटून काढावी लागतात." पाचोळ्याबद्दल बोलावं तसं तो बोलला.

म्हणजे यांना माहीत होतं. रोज सकाळी मेलेली पाखरं झाडून काढायची, मग त्याच जागी माणसं बसवायची. डॉक्टरला शिसारी आली. ती उलट पावली धावली.

तळघराचं दार बंद होतं. बाहेरून आडणा लागला होता. शिंप्याची बायको आत होती.

"दार उघडा," डॉक्टर शिंप्याला म्हणाली. "मागून कोळशाचा विषारी वायू आत सोडतायत."

"संशयानं हवा जड होते, ताई," बाबा मधाळ हसला. "मन मोकळं ठेवा."

"हवा कोळशानं जड होते. तुम्ही आत बसा. दार लावून, या काकांना बसवलं होतंत तेवढा वेळ."

"समुद्राला आंघोळ घालताय होय?"

लोक हसले.

"मग या सेवकांना बसवा. ते काही समुद्र नाहीत."

सेवकांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं खाली बघितलं, दुसरा नकळत दारापासून मागे सरकला. शिंप्यानं ते पाहिलं. त्यानं सेवकाला खांद्यानं बाजूला सारलं, आडणा काढला आणि खाली उतरला.

बायको भिंतीला टेकून बसली होती. उदबत्त्यांचा वास एवढा की दुसरं काही कळू नये. तिला उठता येईना. "छान हलकं वाटतंय," ती म्हणाली आणि नवऱ्याच्या अंगावर कोसळली. त्यानं आणि मागोमाग उतरलेल्या डॉक्टरनं मिळून तिला उघड्यावर आणलं. डॉक्टरनं फोनवर रुग्णवाहिका बोलावली आणि बजावलं, "ऑक्सिजन आणा. ऑक्सिजन मोजायला बोटाला लावता त्या चिमट्यावर विसंबू नका, हा वायू त्याला कळत नाही."

मग तिनं लोकांना मागे नेऊन सगळं दाखवलं. "कोंडलेल्या जागी कोळसा धुमसला की जो वायू निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो. मेंदूला प्राणवायू कमी पडला की डोकं हलकं होतं. त्यालाच हा शांती म्हणतो. थोडा वेळ आणखी बसलात, तर कायमची शांती."

फावडंवाला पसार झाला होता. कट्ट्यावर बाबाही नव्हता, त्याची जीप खाली उताराला लागलेली दिसत होती. कुणीतरी शिव्या घातल्या. आणि एका म्हाताऱ्यानं वाकून शेगडीबाहेर सांडलेली राख अंगारा म्हणून हळूच रुमालात बांधली. डॉक्टरनं ती त्याच्या हातातून घेतली आणि मातीत मिसळली. बाबापेक्षा त्या क्षणी तिला या रुमालाचीच जास्त किळस आली.

इस्पितळात ऑक्सिजन लावल्यावर संध्याकाळपर्यंत शिंप्याची बायको नीट बोलू लागली. बाळाचे ठोके ठीक होते. पण काही दिवस नजर ठेवावी लागेल, असं तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. कारकुनाला आणि आधी आत जाऊन आलेल्या बाकीच्यांनाही तिथंच ठेवून घेतलं. पोलिसांनी तळघराला कुलूप ठोकलं आणि बाबाच्या मागावर माणसं धाडली.

बाहेरच्या बाकावर शिंप्याची आई पदर तोंडाशी धरून बसली होती. "किती गोड बोलायचा हो तो," ती म्हणाली. "आम्हा अडाण्यांना कसं कळावं?"

"इथं अडाणी-शहाण्याचा प्रश्न नाही, आई," डॉक्टर तिच्याशेजारी बसत म्हणाली. "रांगेत माझ्यासारखे शिकलेलेही होते. आपलं माणूस कुणाच्या हवाली करण्याआधी एवढंच विचारायचं: आत काय आहे ते दाखवता का, आणि तुम्ही स्वतः बसता का? खरा असेल तो दाखवेल. जो विचारल्यावर चिडतो किंवा हसण्यावारी नेतो, त्याच्या दारातून आपलं माणूस हाताला धरून परत आणायचं. देव असो की डॉक्टर, विचारल्यानं कुणाचा अपमान होत नाही."

म्हातारीनं मान डोलावली. तोंडावरचा पदर बाजूला करून तिनं विचारलं, "मग आता सांगा, आत सुनेला नळीतून काय देताय?"

डॉक्टर उठली, तिला हाताला धरून आत घेऊन गेली आणि नळीपासून टाकीपर्यंत एकेक गोष्ट नीट समजावून सांगू लागली.