शनिवारची सही

आपल्यापैकी किती घरांत संध्याकाळी सहा वाजता खिडक्या लावून घेतात? डासांमुळे नव्हे, वासामुळे. सोलापुरात एका बंद पडलेल्या मिलच्या मागच्या भिंतीला लागून जी गल्ली आहे, तिथल्या बावीस घरांना ही सवय लागून दोन वर्षं झाली होती.

गल्लीच्या तोंडाशी एक दगडी कट्टा आहे. सुंदरम्मा नवी नवरी होऊन आली तेव्हा त्या कट्ट्यावर बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या. मिलचा भोंगा झाला की पाळी सुटायची आणि गल्ली माणसांनी भरून जायची. अनोळखी कुणी शिरलं, तर सुपावरची मान वर न करता एखादी विचारायची, "कुणाकडं आलाव?" उत्तर नीट आलं नाही तर तो माणूस आल्या पावली परत जायचा. हातभट्टी पिणारे तेव्हाही होतेच. पण ते भिंत धरून, मान खाली घालून घरी जायचे. त्यांना लाज होती.

आता त्याच कट्ट्यावर खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या, गोळ्यांची चंदेरी पाकिटं, पंक्चरचं सोल्युशन हुंगून फेकलेल्या चिंध्या. भिंतीवर मुताचे ओघळ, त्यावर गुटख्याच्या पिचकाऱ्या. कोपऱ्यात कुणीतरी ओकलेलं आणि ते चाटणारं कुत्रं. दिवस मावळायला लागला की गाड्यांवरून पोरं यायची, डोळे तारवटलेली, तोंडात शिव्या. सुंदरम्मा तिकडून जाताना पदर नाकाला लावायची, "शी!" म्हणायची आणि थुंकायची. तेवढ्यानं तिचं समाधान व्हायचं. आपलं सगळ्यांचंच होतं!

त्या मंगळवारी तिची नात अंकिता साडेसहाला कॉलेजातून आली. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. या घरातली मुलगी एवढं शिकायची ही पहिलीच वेळ. ती दारातच थांबली, डाव्या पायातली चप्पल काढली आणि आजीपुढं धरली. तळातून वर आलेली इंजेक्शनची सुई अंगठ्याच्या जागेशेजारी चमकत होती.

"लागली न्हाय ना गं?"

"नाही. केसभरानं चुकली." अंकितानं चप्पल उंबऱ्याबाहेर ठेवली. "त्यांनी गाडी आडवी घातली, म्हणून मी कट्ट्याच्या कडेनं आले. आज्जी, वापरलेल्या सुईतनं काय काय होतं, ते आम्हाला कालच वॉर्डात शिकवलंय."

तिचा बाप गुरुशांत टॉवेलच्या कारखान्यातून आला. त्यानं चप्पल हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"उद्यापासून कॉलेज बंद."

"बाबा, परीक्षा दोन महिन्यांवर आलीय!"

"पाय राहिला तर परीक्षा की!"

सुंदरम्मा मध्ये पडली. "शनिवारपर्यंत थांब रे. मी चौकीत जाते. माझा शब्द हाय चौकीत."

"शनिवारी मी कॉलेजात जाऊन नाव काढणार," गुरुशांत म्हणाला. "तवर काय बघायचं ते बघ."

सुंदरम्माला स्वतःच्या शब्दाचा भरवसा वाटत होता, कारण तिच्या दारामागं खिळ्याला एक लांबट वही टांगलेली असे. ती पोलिसांची गस्तीची वही. रोज संध्याकाळी पोलिसानं गल्लीत यायचं, फेरी मारायची, काय पाहिलं ते लिहून वेळ टाकून सही करायची. तीस वर्षांपूर्वी गल्लीनं या वहीसाठी सुंदरम्माच्या नवऱ्याचं दार निवडलं होतं. मिलमधला सरळ माणूस म्हणून. नवरा गेला, वह्या बदलत गेल्या, खिळा तोच राहिला. तो खिळा म्हणजे तिचं कुंकू गेल्यावर राहिलेला मान होता.

आताचा पोलीस धनाजी, करमाळ्याकडचा. तिला आज्जी म्हणायचा. ती त्याला चहा द्यायची, कडक भाकरी आणि शेंगाचटणी द्यायची. दोन वर्षांपूर्वी तो म्हणाला होता, "आज्जी, रोज हितं यायचं म्हंजे लई वडाताण होतीय. एकदम करून टाकू का सह्या?" तिनंच पेन दिलं होतं. तेव्हापासून धनाजी सोमवारी दुपारी यायचा, जेवायचा आणि आठवड्याच्या सह्या करून जायचा. बिचारा आईपासून लांब राहतोय, तिला वाटायचं. आपलं काय जातंय?

बुधवारी सकाळी ती अंकिताला आणि शेजारच्या मुक्ताबाईला घेऊन चौकीत गेली. मुक्ताबाई चाळीस वर्षं विड्या वळणारी, बोटं पिवळी पडलेली, जीभ तिखट. सुंदरम्मानं वही धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून आणली होती. वही पाहिली की साहेब लोकांना कळेल, हे घर कुठलं ते!

चौकीत एक तरुण महिला अधिकारी होत्या. त्यांनी तिघींना बसायला खुर्च्या दिल्या, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आजी, तुमच्या गल्लीत रोज गस्त आहे. धनाजीचा रिपोर्ट रोज येतो."

"ही बघा की वही," सुंदरम्मानं टॉवेल सोडला. "माझ्याच घरी असती!"

बाईंनी पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. "मंगळवार. सायंकाळी साडेसहा. गल्ली पाहिली. सर्व शांत."

अंकितानं पिशवीतून चप्पल काढली आणि वहीच्या शेजारी ठेवली. सुई तशीच होती.

बाईंनी चप्पल पाहिली, वही पाहिली. "साडेसहालाच?" मग त्यांचं बोट पुढच्या ओळीवर गेलं आणि थांबलं.

"आज बुधवार ना?"

"व्हय."

"मग ही आज संध्याकाळची सही सकाळीच कशी? आणि ही गुरुवारची? शुक्रवारची? आणि ही... ही शनिवारची सही! सर्व शांत, सर्व शांत, सर्व शांत!"

बाईंनी त्या ओळींचे मोबाईलवर फोटो काढले, मग लाल पेनानं पुढच्या सगळ्या ओळींवर रेघा मारल्या. रेघा इतक्या जोरात की कागद फाटतो की काय असं वाटलं.

"धनाजीला मी बघते," त्या म्हणाल्या. "पण आजी, ही वही तर तुमच्या घरी असते."

सुंदरम्मानं पदर नाकाला लावला. कट्ट्याजवळून जाताना लावायची तसाच. फक्त आज समोर कट्टा नव्हता. मांडीवर इस्त्रीच्या घडीचा स्वच्छ टॉवेल होता, आणि वास त्यातूनच येत होता.

"पेन माझं हुतं," ती म्हणाली. "चहाबी माझाच. लिवा बाईसाहेब, तिथं माझंबी नाव लिवा."

वही परत घेऊन तिघी रिक्षानं निघाल्या. मुक्ताबाई कसली गप्प बसते!

"भुकेल्याला खाऊ घातलंस, ते बेस केलंस. खोटं लिवायला पाट मांडून दिलास, ते गं?"

"मला काय ठावं असं हुईल..."

"ठावं हुतं की! शनिवार शांत गेला, हे तुला सोमवारीच कळत हुतं. लई मोठी जोशीण!"

"मुक्ता, लेकरू समजून केलं मी."

"आन् ही कुणाचं लेकरू?" मुक्ताबाईनं अंकिताच्या पायाकडं बोट केलं. तिच्या पायात आजीची जुनी चप्पल होती. "आपण रोज तिकडं जाऊन थुंकत हुतो, आन् हिकडं घरात सर्व शांत म्हणून लिवून घेत हुतो. मीबी तुझ्या दारात चहा पिलेय, मला काय दिसत नव्हतं व्हय? मग खरी घाण कुटं हुती सांग. कट्ट्यावर, का तुझ्या दारामागं?"

घरी गेल्यावर सुंदरम्मानं पक्कड शोधली आणि दारामागचा खिळा उपटून काढला.

गुरुवारी चार दिवसांनी नळाला पाणी आलं. आपल्या शहरात पाण्याचा दिवस म्हणजे काय असतो, ते सांगायला नको. बादल्या, पिंपं, पातेली, हंडे, वाटीसुद्धा भरून ठेवायची. त्या गर्दीत सुंदरम्मा पिण्याच्या पाण्याची तांब्याची घागर डोक्यावर घेऊन कट्ट्याकडं निघाली. दुसऱ्या हातात वही, खिळा आणि हातोडी.

"अगं म्हातारे, प्यायचं पाणी त्या मुताड भिंतीवर घालणार व्हय?" कुणीतरी ओरडलं.

"दोन वर्षं ती घाण आपल्या नाकातनं पोटात जातीय," मुक्ताबाई मागून म्हणाली. "एक घागर बाहेर गेली तर मरत न्हाय कुणी."

अंकितानं जाड हातमोजे घातले आणि चिमट्यानं सुया उचलून झाकणाच्या डब्यात टाकल्या. दुसऱ्या कुणाला तिनं हात लावू दिला नाही. मग घागरी आल्या. बावीसपैकी सतरा घरांतून. पाच दारं बंदच राहिली. खराट्याखाली जे वाहत गटारात गेलं, ते पाहून दोघी-तिघींना कोरड्या उलट्या झाल्या. आपल्या दारापासून पन्नास पावलांवर हे होतं! सुंदरम्मानं कट्ट्यावरच्या भिंतीत खिळा ठोकला आणि वही टांगली.

सहाला धनाजी आला. चेहरा उतरलेला, आवाज चढलेला.

"आज्जी, माझी चौकशी लावलीस तू. घरच्यावानी मानलं हुतं तुला!"

"आजवर पाप केलं, म्हणून आता घरच्यावानी सांगते. वही तिकडं हाय. तितं जाऊन सही कर."

धनाजी कट्ट्यापाशी गेला आणि त्यानं खिशातला रुमाल नाकाला लावला. भिंत धुतली होती, पण वास दगडात मुरला होता.

"लई वास मारतोय ओ!"

"मारणारच. आमी दोन वर्षं घेतोय," सुंदरम्मा म्हणाली. "सही कर. आजचीच कर."

त्यानं पेन काढलं. दोन वर्षांत तो पहिल्यांदाच तिथं एवढा वेळ उभा होता. आणि उभा राहिला, म्हणून त्याला दिसलं. रस्त्यापलीकडं काळ्या गाडीवरचा एक माणूस, त्याच्याभोवती चार पोरं, मोज्यातून निघून हातात जाणारी चंदेरी पाकिटं. धनाजीनं बराच वेळ लिहिलं. त्या वहीत दोन वर्षांत पहिल्यांदाच 'सर्व शांत' सोडून दुसरं काही लिहिलं गेलं.

शुक्रवारी संध्याकाळी सात बायका सुपं घेऊन कट्ट्यावर विड्या वळत बसल्या होत्या. काळी गाडी आली. मुक्ताबाईनं मान वर न करता विचारलं, "कुणाकडं आलाव?" गाडीवरच्या माणसानं घाण शिवी दिली. पण मागून पोलिसांची गाडी वळली होती, आणि धनाजीची कालची नोंद वाचून बाईसाहेब स्वतः आल्या होत्या. काळ्या गाडीच्या डिकीत गोळ्यांचे गठ्ठे निघाले. त्याच्याभोवतीच्या पोरांत एक आपल्याच गल्लीतला निघाला, शिवपुत्र. त्याची आई म्हणजे त्या बंद पाच दारांपैकी एक! ती छाती पिटत आली. अंकितानं तिला बाजूला घेऊन सांगितलं, की व्यसन सोडवणारा वॉर्ड असतो, मी सोबत येते. चोरून ठेवलेलं दुखणं त्या बाईनं त्या दिवशी पहिल्यांदा कुणापुढं तरी मोकळं केलं.

शनिवारी गुरुशांत लवकर आला आणि कट्ट्यापाशी उभा राहिला. साडेसहाला अंकिता कॉलेजातून आली. कडेनं नव्हे, रस्त्याच्या मधून. गुरुशांतनं वही उघडली. शनिवारच्या ओळीवर लाल रेघ होती आणि तिच्याखाली धनाजीची नवी सही, शाई अजून ओली.

त्यानं वही खिळ्याला परत लावली.

"सोमवारी कॉलेज किती वाजता गं?" त्यानं विचारलं.

वाचकहो, तो काळ्या गाडीवाला सुटून येईल, नाहीतर त्याच्या जागी दुसरा येईल, दुसऱ्या गल्लीत जाईल. तिथंही एखाद्या दारामागं खिळा असेल आणि पेन देणारं माणूस असेल. पोलिसाला चहा जरूर द्या, तोही माणूस आहे. पण न पाहिलेल्या गोष्टीवर सही करायला पेन देऊ नका. नशा विकणारा आपल्या गल्लीत शिरतो तो भिंतीवरून उडी मारून नव्हे, आपल्या भिडेतून शिरतो. रस्त्यावरच्या घाणीची किळस कुणालाही येते. ज्या दिवशी आपल्या दारामागच्या खिळ्याची किळस येईल, त्या दिवशीच गल्ली स्वच्छ व्हायला लागेल!